ऑनलाइन हस्तकला बघताना उलटी बाजू मागा

उलटटाका (धागाकर्ती) :

या चर्चामंचावर अधूनमधून कुणीतरी विचारतं, की भरतकाम, क्रोशा, मातीकाम ऑनलाइन कुठे बघावं, कुठे शिकावं, कुठून घ्यावं. मग खाली दुव्यांची रांग लागते आणि धागा थंड पडतो. दुवे सगळ्यांकडेच साठलेत. बघायचं कसं, यावर मात्र कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हा उद्योग.

माझं म्हणणं थोडक्यात असं : पडद्यावर प्रत्येक वस्तू नटूनथटून सुलट बाजूनेच येते. हातकामाचा खरा हिशेब मागे लिहिलेला असतो. संग्रहालयाचं पान असो नाहीतर दुकानाचं, आधी उलटी बाजू शोधा. नसेल तर मागा.

भरतकामापासून सुरू करते, कारण मला तेवढंच कळतं. यंत्रावर भरलेल्या कापडाच्या मागे बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, दोरा असतो आणि तो बहुतेक वेळा एकाच रंगाचा, पांढरा नाहीतर काळा. पुढे फुलांचे पाच-सहा रंग आणि मागे सगळीकडे एकसारख्या पांढऱ्या रेघा, असं दिसलं की समजायचं. बऱ्याचदा मागे चिकटवलेल्या अस्तराच्या कडाही राहिलेल्या असतात. हाताने भरलेल्या कामात पुढचाच रंग मागे येतो. दोरा कुठे संपला, त्याचं टोक कुठल्या टाक्यांखाली दडवलं, एका पाकळीवरून दुसरीवर जाताना उडी कशी मारली, सगळं वाचता येतं. हात कसलेला आहे की नवखा, हेसुद्धा.

संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर हा अभ्यास फुकटात होतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टोक हिचा १५९८ सालचा सॅम्पलर आहे, म्हणजे टाक्यांचे आणि नक्ष्यांचे नमुने भरून ठेवलेला कापडाचा तुकडा. साल घातलेल्या ब्रिटिश सॅम्पलरांमधला हा सर्वांत जुना मानतात. प्रत्यक्ष गेलात तर जुनी कापडं काचेपलीकडे आणि अंधुक उजेडात असतात, कारण रंग उडू नयेत म्हणून त्यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. घरी बसून मात्र टाका न् टाका मोठा करून बघता येतो. 'ऑनलाइन बघणं म्हणजे दुधाची तहान ताकावर' असं म्हणणाऱ्यांनी एकदा हे करून पाहावं.

टाका कसा घालायचा हे बघायचं असेल तर रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क या १८७२ सालच्या संस्थेने २०२१मध्ये सुरू केलेली स्टिच बँक आहे. एकेका टाक्याला चित्रं, पायरीपायरीच्या आकृत्या आणि चित्रफीत. पार्श्वसंगीत नाही, 'नमस्कार मित्रांनो' नाही. फार बरं वाटतं.

बाकीच्या कलांमधली 'उलटी बाजू' काय असते, ते जाणकारांनी सांगावं.

शंकासुर :

विषय आवडला, पण एक काडी टाकतो. ज्या कामाला उलटी बाजूच नसते त्याचं काय? कर्नाटकातल्या कसुती भरतकामात गवंती टाका पुढून-मागून सारखाच दिसतो आणि गाठ मारायची नाही हा नियम. हिमाचलचा भरलेला चंबा रुमाल दोन्ही अंगांनी सारखा. चीनमध्ये सुझौचं दुतर्फी रेशमी भरतकाम तर दोन्हीकडून बघायसाठीच करतात, चौकटीत उभं करून. तुमच्या कसोटीने नवखा माणूस या कामाला 'मागे फारच स्वच्छ आहे, यंत्राचं असणार' म्हणून नाकारेल.

उलटटाका :

शंकासुर, काडी बरोबर पडली. स्वच्छ मागची बाजू म्हणजे यंत्र, असं मी म्हटलेलं नाही, पण वाचणाऱ्याचा तसा समज होऊ शकतो. दुतर्फी कामात मागेही तेच रंग आणि त्याच रेघा येतात. यंत्राच्या कामात मागे वेगळाच दोरा येतो. बघायचं ते हे. आणि मुद्दा उलट तुमच्याच बाजूने पक्का होतो : कसुतीचं एकच सुलट छायाचित्र टाकलं तर तिची निम्मी करामत दिसतच नाही. विकणारीने दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या पाहिजेत.

रेघोटी :

चित्रांच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे मागच्या बाजूपेक्षा मोठी फसवणूक आकाराची. फोनवर सगळी चित्रं तळहाताएवढीच. डच चित्रकार रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' (१६४२) पावणेचार मीटरहून जास्त उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे. फर्मेरचं 'गर्ल विथ अ पर्ल इअररिंग' ४४.५ गुणिले ३९ सेंटिमीटर. पडद्यावर दोन्ही एका मापाची वाटतात आणि आपण दोन्हींकडे एकाच नजरेने बघतो. मी चित्र उघडलं की आधी खाली जाऊन माप वाचते आणि भिंतीवर हाताने साधारण तेवढी चौकट करून बघते. घरचे हसतात, हसू देत.

जवळून बघण्याची चैन मात्र खरीच. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने जानेवारी २०२२मध्ये 'नाइट वॉच'ची ७१७ गिगापिक्सेलची (एक गिगापिक्सेल म्हणजे शंभर कोटी ठिपके) प्रतिमा खुली केली. ८,४३९ छायाचित्रं जोडून ती केली आहे आणि एक पिक्सेल म्हणजे चित्रावरचे ५ मायक्रोमीटर. रंगाच्या थरातल्या भेगा, रंगद्रव्याचे कण दिसतात. गूगलने १ फेब्रुवारी २०११ला १७ संग्रहालयांना घेऊन त्यांची चित्रं नेटवर दाखवणारा आर्ट प्रोजेक्ट सुरू केला तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली होती, आता त्याचं काहीच वाटत नाही.

पण माझ्या मते पडद्याची खरी ताकद मोठं करून बघण्यात नाही, शेजारी ठेवून बघण्यात आहे. जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट घ्या, साधारण १८३१ची. ते रंगवलेलं चित्र नव्हे, लाकडी ठशांवरून काढलेला छाप आहे आणि त्याच्या अनेक प्रती निघाल्या. न्यूयॉर्कच्या मेटकडे (मेट्रोपॉलिटन संग्रहालय) आहेत, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे आहेत, ब्रिटिश म्युझियमकडेही. तिन्हींची पानं तीन खिडक्यांत उघडा आणि वर डाव्या कोपऱ्यात शीर्षकाची उभी चौकट आहे तिथे जा. आधीच्या छापांत चौकटीची रेघ अखंड आहे. ठसा झिजत गेला तशी नंतरच्या छापांत ती तुटत गेली. आकाशातला फिकट गुलाबीपणा काही प्रतींत जेमतेम उरलाय, काहींत पार उडालाय. या प्रती एका भिंतीवर शेजारी शेजारी बघायला मिळणं जवळपास अशक्य. इथे ते चहा निवायच्या आत होतं.

चाकावरची :

मातीकामातली उलटी बाजू म्हणजे बूड. विकणाऱ्याने बुडाचं छायाचित्र टाकलंय का बघा. चाकावरून भांडं दोऱ्याने कापून काढलं असेल आणि नंतर खरवडलं नसेल तर बुडावर शिंपल्यासारख्या वळत्या रेघा उमटतात. खरवडून बैठक काढली असेल तर गोल गोल समकेंद्री खुणा आणि ग्लेझ (काचेसारखी झिलई) नसलेली मातीची कड. भांड्याच्या आतही बोटांचं वळण लागतं, वर चढत जाणारं. साच्यात पातळ माती ओतून केलेल्या भांड्याला बहुतेक वेळा उभी बारीक शिवण असते. ती घासून काढतात, तरी कान जिथे जोडलाय तिथे किंवा बुडाजवळ कुठेतरी सापडतेच.

आता दुसरी बाजूही ऐका. मी विकतेही. लोक विचारतात, बुडाचा फोटो द्या, आतला द्या, हातात धरून द्या, दिवसाउजेडी द्या, पांढऱ्या कागदावर द्या. सगळं देते. मग 'छान आहे' म्हणून गायब. माझं प्रत्येक भांडं वेगळं, म्हणजे प्रत्येकाचे फोटो वेगळे. भट्टीपेक्षा फोटोंत जास्त वेळ जातो कधीकधी. उलटी बाजू मागा हे ठीक, पण घेणार असाल तरच मागा ना राव.

शंकासुर :

चाकावरची ताई, मग पहिल्यापासूनच बुडाचा एक फोटो सगळ्या भांड्यांना टाकत जा की. विचारणारे आपोआप कमी होतील.

चाकावरची :

टाकते हो. तरी विचारतात. फोटो सरकवून पुढचा बघायचे कष्ट कोण घेतो?

टिंबटिंब :

मला मूळ प्रश्नच कळत नाही. वस्तू सुंदर असेल तर हाताने केली की यंत्राने, काय फरक पडतो? हे हस्तकलेचं सोवळं जरा अतिच होतंय. साच्यातलं भांडं बनवणाराही राबतोच की.

चाकावरची :

टिंबटिंब, साचेकामाला मी कमी लेखत नाही. साचा करणं हे स्वतंत्र कसब आहे, आणि एका चांगल्या साच्यामागे बरीच माती वाया गेलेली असते. फरक पडतो तो सांगण्यात. साच्याचं असेल तर 'साच्याचं' म्हणा. 'चाकावर घडवलेलं' लिहून साच्याचं विकायचं, याला माझा आक्षेप.

बोरूवाला :

हा वाद जुना आहे. एट्सी २००५मध्ये हाती केलेल्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार म्हणून सुरू झाली. २०१३मध्ये त्यांनी विक्रेत्यांना बाहेरच्या उत्पादकाकडून माल करून घ्यायची मुभा दिली, तेव्हा जुने कारागीर भडकले होते. २०२४पासून वस्तू विक्रेत्याने स्वतः बनवली, फक्त तिची रचना केली, की निवडून आणली, असे वेगवेगळे शिक्के लावायला लागतात. म्हणजे 'फरक काय पडतो' याचं उत्तर बाजारालाही शेवटी द्यावंच लागलं. अर्थात शिक्का विक्रेता स्वतःच निवडतो, त्यामुळे बुडाचा फोटो काही सुटत नाही.

अवांतर : गालिच्यांचंही सांगून टाकतो. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागूनही जवळपास तितकीच स्पष्ट दिसते आणि झालर ही ताण्याच्याच धाग्यांची टोकं असतात. टफ्टेड (गाठी न मारता कापडात दोरे घुसवून केलेल्या) गालिच्याच्या मागे डिंक लावून कापड चिकटवलेलं असतं आणि झालर वरून शिवलेली. विक्रेत्याने मागचा फोटो टाकलाच नसेल तर का टाकला नसेल, याचा विचार करावा.

गुंतवळ :

क्रोशावाल्यांची तऱ्हा जरा निराळी. खऱ्या क्रोशाचं काम करणारं यंत्र आजही बाजारात नाही. विणकामाची यंत्रं आहेत, क्रोशासारखी दिसणारी जाळी काढणारीही आहेत, पण सुईने एकेक टाका ओढायचं काम अजून हातच करतो. त्यामुळे 'हाताचं की यंत्राचं' हा प्रश्न आमच्याकडे फारसा येत नाही. आमचा ताप वेगळा : वस्तूच अस्तित्वात नसते!

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेल्या खेळण्यांची चित्रं लावून नमुने विकायचं पेव फुटलंय. माझ्या ओळखीच्या एकीने असाच एका हरणाचा नमुना घेतला. चित्रात पापण्यांसकट हसरं, लोभस हरीण. सूचनांप्रमाणे विणलं तर चार पायांचा बटाटा तयार झाला. विकणारा अर्थातच उत्तर देईना.

ओळखायचं कसं? चित्र मोठं करा आणि टाक्यांच्या एका फेरीवर बोट ठेवून पुढे सरका. खऱ्या कामात मुक्या खांबाची (हा क्रोशाचा साधा आखूड टाका) इंग्रजी व्ही अक्षरासारखी ओळ सलग जाते, वाढ केली तिथे एका टाक्यातून दोन फुटलेले दिसतात. खोट्या चित्रात ओळ मध्येच विरते, दोन फेऱ्या एकमेकींत मिसळतात, कानापाशी क्रोशा आणि पोटापाशी सुयांवरचं विणकाम. दुसऱ्या कोनातून फोटो नसतो, असलाच तर त्यात हरणाच्या ठिपक्यांची जागा बदललेली. मागून, खालून, अर्धवट झालेलं, भरायच्या आधीचं, असं काहीच दाखवत नाहीत. म्हणजे फिरून उलटटाका ताईंचाच मुद्दा.

आणि नमुन्याचं एखादं पान बघायला मिळालं तर आकडे जुळवा. गोल चेंडू साधारण असा वाढतो : रिंगमध्ये ६ मुके खांब, मग १२, १८, २४, ३०. दर फेरीला सहा वाढ. '(३ मुके खांब, १ वाढ) सहा वेळा' असं लिहिलं असेल तर फेरीच्या शेवटी ३० यायला हवेत आणि आधीच्या फेरीत २४ असायला हवेत, कारण कंसातला एक घास चार टाके खातो आणि पाच देतो. कंसापुढे २८ लिहिलं असेल तर त्या माणसाने, किंवा माणूस नसलेल्याने, ते विणून पाहिलेलं नाही.

शोधायला माझी पहिली पसंती रॅव्हलरी, विणकाम-क्रोशाच्या नमुन्यांचं संकेतस्थळ, २००७पासून आहे. विक्रेत्याच्या फोटोपेक्षा तिथे खाली इतरांनी विणलेल्या वस्तू बघा. विसाव्या माणसाच्या घरचं कंदिलाच्या उजेडातलं, जरा वाकडं झालेलं हरीण हे नमुना चालतो याचं सगळ्यात खात्रीचं प्रशस्तिपत्र.

टिंबटिंब :

चार पायांचा बटाटा =)) =))

ठीक आहे, आता थोडं पटलं. निदान वस्तू असावी तरी!

रेघोटी :

गुंतवळ, झकास. एक भर : पिंटरेस्टवर असं चित्र दिसलं की उलट प्रतिमाशोध लावा, म्हणजे तेच चित्र देऊन ते आणखी कुठे आहे ते शोधा. खऱ्या कलाकाराचं असेल तर कुठेतरी नाव, माध्यम, माप सापडतं. फिरत फिरत आलेलं नाव नसलेलं चित्र मी तरी साठवत नाही. साठवलेलं पुन्हा सापडत नाही आणि सापडलं तर कुणाचं ते कळत नाही.

नवाकोरा :

मला जुन्या नक्ष्या घेऊन कापडी पिशव्यांवर छापायच्या आहेत. थोड्या विकायच्याही आहेत. संग्रहालयाच्या साइटवरून उतरवून घेतलेलं चित्र चालतं का? की कुणी नोटीस पाठवेल?

बोरूवाला :

नवाकोरा, ते संग्रहालयागणिक बदलतं. मेटने फेब्रुवारी २०१७मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास प्रतिमा सीसी-झिरो म्हणून सोडल्या. म्हणजे छापा, बदला, विका, विचारायला नको. क्लीव्हलंडच्या संग्रहालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच केलं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-समूहाने फेब्रुवारी २०२०मध्ये २८ लाख प्रतिमा खुल्या केल्या. राइक्सम्युझियम २०१२पासून उदार आहे, तेव्हाच सव्वा लाख चित्रं उतरवून घ्यायला दिली होती. ब्रिटिश म्युझियमच्या प्रतिमांवर मात्र बिगरव्यापारी वापराचा परवाना असतो. स्वतःच्या भिंतीला चालेल, विकायच्या पिशवीला नाही. शोधताना ओपन ॲक्सेसची (खुल्या वापराची) चाळणी लावा आणि तरी प्रत्येक वस्तूच्या पानावरचा हक्काचा रकाना वाचा, कारण एकाच संग्रहालयात दोन वस्तूंना दोन नियम असतात.

जुनी पुस्तकंही बघा. तेरेझ द दिल्माँ हिचा भरतकामाचा कोश १८८६चा, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर आकृत्यांसह फुकट आहे. अँटीक पॅटर्न लायब्ररीत जुन्या क्रोशा-भरतकामाच्या पुस्तिका मिळतात.

पण कायदा परवानगी देतो म्हणून सगळं उचलावं का, हा प्रश्न उरतोच. जॉन फोर्ब्स वॉटसन या माणसाने १८६६मध्ये भारतातल्या कापडांचे १८ खंड काढले. छापील चित्रांचे नव्हेत, खऱ्या कापडाचे तुकडे कापून चिकटवलेले, एकूण ७०० नमुने, आणि असे २० संच. हेतू उघड होता : इथले लोक काय नेसतात ते ब्रिटिश गिरण्यांना कळावं आणि त्यांनी तसा माल करावा. एक संच प्रेस्टनच्या हॅरिस संग्रहालयाकडे आहे. या नमुन्यांची छायाचित्रं आता नेटवर बघता येतात आणि बघताना मी हरखतो. विणकराचं नाव मात्र शोधून सापडत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या नक्षीवर कुणाचा हक्क नसेल, पण पिशवीच्या चिठ्ठीवर मूळ नमुना कुठल्या भागातला, कुठल्या तंत्राचा, कुठल्या संग्रहालयातला, एवढं छापायला शाईचा थेंब लागतो. हयात कारागिराची रचना असेल तर आधी विचारा.

नवाकोरा :

धन्यवाद बोरूवाला. चिठ्ठीची कल्पना घेतो. वाखूसा (वाचनखूण साठवली).

कोराकापड :

रंगांचं कुणीच बोललं नाही! निळीचं म्हणून मागवलेलं कापड जांभळट निघालं. विक्रेता म्हणतो तुमचा फोन खराब.

रेघोटी :

दोघांचंही थोडं खरं असू शकतं. संग्रहालयवाले वस्तूशेजारी रंगपट्टी ठेवून छायाचित्र काढतात, नंतर तिच्यावरून रंग जुळवतात. फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने रंगछटा ठरवतो, आणि गडद निळे तर त्याला सहसा जमतच नाहीत. साधा उपाय : खिडकीजवळ, थेट ऊन नसताना, कापडाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो मागा. कागद निळसर दिसला तर कापड प्रत्यक्षात फोटोतल्याहून पिवळट बाजूला असणार, कागद पिवळा दिसला तर उलट. अगदी बिनचूक नाही, पण अंदाज येतो.

चाकावरची :

झालं, आणखी एक फोटो वाढला :(

डावरी :

सगळं वाचलं, मस्त चाललंय. माझी अडचण शिकण्याची. मी डावखुरी. सगळ्या चित्रफिती उजव्यांच्या. आरशात बघितल्यासारखं करून शिकते, पण साखळी टाक्यापाशी दर वेळी गोंधळ होतो. आणि या रील्समध्ये हात इतके भराभर चालतात की सुई कुठून बाहेर आली तेच दिसत नाही.

उलटटाका :

डावरी, रील्सवरून शिकू नकोस. त्या बघून छान वाटावं म्हणून काढलेल्या असतात, अवघड जागा नेमकी कापलेली असते. लांब, मध्ये न कापलेली चित्रफीत शोध, तिचा वेग निम्मा कर. अजून कमी लागला तर पाव. संगणकावर चित्रफीत आडवी उलटवणारी विस्तारकं (एक्स्टेन्शन) मिळतात, ब्राउझरला जोडली की उजवा हात डावा होतो. छापील आकृती असेल तर फोटो काढून फोनमध्येच आडवी फिरव, अक्षरं उलटी दिसतील तेवढी सोसायची.

साखळी टाक्यात तू बहुतेक उजवीकडून डावीकडे जायचा प्रयत्न करत असशील, कारण चित्रात तसं दिसतं. तू डावीकडून उजवीकडे जा. दोरा सुईच्या टोकाखालूनच घ्यायचा, तेवढं बदलू नकोस. फक्त वळसा तुझ्या बाजूने पडेल. आधी जाड दोरा आणि सैल विणीचं कापड घेऊन एक ओळ घाल आणि पुढून-मागून दोन्ही फोटो इथे टाक, कुठे अडतंय ते बघून सांगते.

डावरी :

टाकते. मागचा फोटो बघून हसायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

गुंतवळ :

टाक गं बिनधास्त, इथे बटाटा विणणाऱ्यांचीसुद्धा ओळख निघालीये. आणि चित्रफीत उलटवायच्या त्या विस्तारकाचं नाव मलाही हवंय, माझी मुलगी डावरी आहे.